दिवाळीचे पोहे : शारदीय पाकांच्या कालनिर्णयाचें एक साधन

(१) शरद् ऋतूंतील सणांचे पाक हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येणें साहजिक आहे. तहनामे, सनदा व महजर यांच्या पंक्तीस फराळाचें ताट मांडणें कोणास अप्रयोजकहि वाटेल. परंतु ज्या रुमालांत सनदा सांपडतात, त्याच रुमालांत वाणसौद्याच्या यादी, कोठीचे हिशेब आणि पाककृतींचीं सुटीं पानें हींहि सांपडतात. सनदांच्या नकला होतात. या पानांवर मात्र ‘किरकोळ’ असा शेरा पडतो, आणि तीं पुन्हा बांधून ठेवलीं जातात किंवा रद्दींत जातात. प्रस्तुत लेखांत आम्हांस दोनच गोष्टी दाखवावयाच्या आहेत. पहिली ही कीं, पदार्थाचें नांव हा त्याच्या वयाचा पुरावा नव्हे. त्यांत पडणारीं द्रव्यें हा पुरावा होय. दुसरी ही कीं, हा पुरावा पाकशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां या किरकोळ कागदांतच अधिक आहे.

(२) दिवाळीचा उत्सव जुना आहे, याविषयीं वाद नाहीं. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकांत (सातवें शतक) दीपप्रतिपदुत्सवाचा उल्लेख आहे, सोमदेवाच्या ‘यशस्तिलकां’त (इ. स. ९५९) दीपोत्सवाचें वर्णन आहे, आणि अल्बेरूणी याने सुमारें इ. स. १०३० मध्यें या दिवसाची हकीकत लिहिली आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरींत (शके १२१२) ‘दिवाळी’ हा शब्दच आलेला आहे. हे व असे अनेक उल्लेख कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं भांडारकर संस्थेच्या त्रैमासिकांत १९४५ च्या सुमारास संगतवार मांडले. अल्बेरूणीची हकीकत पाहण्यासारखी आहे. लोक स्नान करतात, चांगलीं वस्त्रें नेसतात, परस्परांस विडे व सुपाऱ्या देतात, देवळांत जाऊन दानधर्म करतात आणि रात्रीं दिवे लावतात, इतकें तो सांगतो. लाडू, करंज्या, चकल्या यांचा थाट त्यांत नाहीं. यावरून त्या काळीं गोडधोड होत नसे असें अनुमान करणें चुकीचें होईल. सण आहे तेथें गोडधोड असावयाचेंच. तात्पर्य इतकेंच कीं, आज ज्यास ‘दिवाळीचा फराळ’ म्हणतात तें ठराविक ताट उत्सवाइतकें जुनें आहे, असें उत्सवाच्या जुनेपणावरून सिद्ध होत नाहीं.

‘फराळ’ हा शब्दहि हेंच सुचवितो. तो ‘फलाहार’ या संस्कृत शब्दाचा अपभ्रंश असून मूळ अर्थ उपासाचें हलकें खाणें असा आहे. उपासाचा शब्द तळणाच्या ताटास लागला, यावरून शब्द व वस्तु यांचे प्रवास निरनिराळे असतात हें उघड होतें.

(३) मग या ऋतूच्या पानांत खरोखर जुनें असें काय? आमच्या मतें पोहे.

वैद्यकग्रंथांप्रमाणें आश्विन व कार्तिक हे शरदाचे मास. वर्षाकाळीं सांचलेलें पित्त या ऋतूंत प्रकुपित होतें, म्हणून वाग्भटानें साळीचा भात, मूग, साखर, आंवळा, पडवळ व मध हीं पथ्यकर सांगून दहीं, तेल व आकंठ भोजन हीं वर्ज्य सांगितलीं आहेत. उलट हेमंतांत अग्नि प्रबल असतो. तेथें चरकानें दूधदुभतें, उसाचे प्रकार, तेल आणि नव्या तांदळाचा भात खुशाल खावा असें म्हटलें आहे. दिवाळी पडते ती शरदाच्या मध्यावर, परंतु तिचें तळण मात्र हेमंताच्या पथ्यांतील आहे. शास्त्राप्रमाणें चालावयाचें तर चकली कार्तिक सरेपर्यंत थांबली पाहिजे. ती थांबत नाहीं, याचें कारण वैद्यकांत नसून शेतींत आहे. कोंकणांत हळवें भात आश्विनांत कापणीस येतें. नवें धान्य घरांत आलें कीं त्याचा पहिला, सर्वांत सोपा आणि घरच्या घरीं होणारा पाक म्हणजे पोहे. भात भिजवून, निथळून, खापरांत भाजावें. गरम असतांनाच उखळांत घालून मुसळानें कांडावें. सुपानें पाखडावें, कीं झाले पोहे. त्यास दळण लागत नाहीं, तेल लागत नाहीं, बाजारची वस्तु एकहि लागत नाहीं.

म्हणूनच गोमंतकांत व कोंकणांत नरकचतुर्दशीची पहांट आजहि पोह्यांचीच आहे. अभ्यंग झाल्यावर तुळशीपुढें कारीट पायाच्या अंगठ्यानें चिरडावें, त्याचा कडू रस जिभेस लावावा, आणि मग पोह्यांस बसावें, असा क्रम घरोघर चालत आला आहे. पोहे एक प्रकारचे नसतात. गुळाचे, दुधाचे, ताकाचे, नारळाच्या रसाचे व तिखट असे निरनिराळे करून ते शेजारींपाजारीं दिले जातात. देशावर फराळाचें ताट हें दिवाळीचें मुख्य अंग झालें. कोंकणपट्टींत मुख्य अंग पोहेच राहिले.

या चालीच्या जुनेपणास ग्रंथांचीहि साक्ष आहे. आश्विनी पौर्णिमेच्या कोजागर व्रतांत नारळ व पोहे यांनीं देवपितरांचें अर्चन करून तेच आपण सेवन करावे आणि फांसे खेळून रात्र जागवावी, असा विधि बंगालच्या रघुनंदन भट्टाचार्यांनीं (सोळावें शतक) ‘तिथितत्त्वां’त नोंदला आहे. बंगाल व कोंकण हे दोन्ही भाताचे व नारळाचे प्रदेश. दोहोंकडे शरदाच्या रात्रीं तेच दोन पदार्थ यावेत, हा योगायोग म्हणतां येत नाहीं. आज आपल्याकडे कोजागिरी म्हटली कीं आटीव मसाल्याचें दूध डोळ्यांपुढें येतें. परंतु निबंधकार पोहे व नारळ सांगतात, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

भागवताच्या दशमस्कंधांतील कृष्णसख्याची कथा सर्वश्रुत आहे. लोक त्यास सुदामा म्हणतात. मूळांत त्या ब्राह्मणाचें हें नांव येत नाहीं. त्याच्या स्त्रीनें शेजारच्या घरांतून मागून आणलेले पोहे चार मुठी होते व ते चिंधींत बांधले होते, इतका बारकावा मात्र मूळांत आहे. दारिद्र्यांतहि ज्याची भेट करतां येते, असा हा पदार्थ तेव्हांपासून ठरलेला आहे.

(४) आतां नांवांकडे वळूं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा ग्रंथ शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा. गायकवाड प्राच्यमालेंत तो तीन भागांत छापला आहे. त्यांतील अन्नभोगाच्या प्रकरणांत मंडक, पोलिका, पूरिका, घारिका, इडरिका, धोसक अशीं नांवें येतात. तीं वाचून महाराष्ट्रीय वाचकास आपल्याच स्वयंपाकघरांत आल्यासारखें वाटतें. मंडक म्हणजे मांडे, याविषयीं शंका नाहीं. कणीक हातांवर पसरून तापल्या खापरावर टाकण्याची कृति आठशें वर्षांनंतरहि तीच आहे. परंतु घारिका म्हणजे आपली घारी काय? सोमेश्वराची घारिका उडदाच्या पिठाची व तळलेली. आपली घारी तांबड्या भोपळ्याची, गुळाची व कणकेची. त्याची इडरिकाहि केवळ उडदाची असून तिच्यांत मिरीं, जिरें व हिंग आहेत. आजच्या इडलींतला तांदूळ तींत नाहीं. तेव्हां एकाच प्रकरणांत एका नांवानें आपली वस्तु सांभाळली, आणि दोन नांवांनीं वस्तु टाकून दुसरी धरली.

जिलबीची गोष्ट याहून निराळी. तेथें नांवच परकें आहे. अरबी ‘झलाबिया’ बगदादच्या पाकग्रंथांत पूर्वींपासून आढळते. कै. गोडे यांनीं १९४३ सालीं दाखविल्याप्रमाणें सुमारें इ. स. १४५० च्या ‘प्रियंकरनृपकथा’ या जैन ग्रंथांत जिलबीचा उल्लेख आहे. भावमिश्रानें ‘भावप्रकाशां’त तिला ‘कुंडलिनी’ हें संस्कृत नांव दिलें. आणि तंजावरास राणी दीपाबाईंच्या आश्रयास असलेल्या रघुनाथ पंडितांच्या ‘भोजनकुतूहलां’त (सतराव्या शतकाचा उत्तरार्ध) तिची कृति आहे. संस्कृत नांव पाहून ती वैदिक काळापर्यंत नेणाऱ्यानें हा क्रम पाहावा.

(५) आतां द्रव्यांचा विचार करूं. मिरची, भुईमूग, काजू, बटाटा, रताळें, मका, टोमॅटो हीं सर्व अमेरिका खंडांतील. कोलंबस तिकडे गेला इ. स. १४९२ मध्यें, पोर्तुगीज कालिकतास आले १४९८ मध्यें, आणि गोवें त्यांनीं घेतलें १५१० मध्यें. यापूर्वींच्या कोणत्याहि महाराष्ट्रीय पाकांत या वस्तु असणें शक्य नाहीं. नव्या वस्तूंस लोकांनीं जुन्या वस्तूंचीं नांवें दिलीं, ही त्यांतील मौज आहे. मिऱ्यासारखी तिखट ती मिरची. जमिनींत मुगासारखी शेंग धरतो तो भुईमूग. ‘काजू’ व ‘बटाटा’ हे शब्द मात्र पोर्तुगिजांचेच राहिले.

या दृष्टीनें आजचा पोह्यांचा चिवडा तपासून पाहावा. पोहे भागवतांतले, हिंग व जिरें सोमेश्वराच्या ओळखीचें, मिरची व काजू पोर्तुगिजांच्या मार्गानें आलेले, शेंगदाणे देशावर भरपूर पिकूं लागले ते एकोणिसाव्या शतकांत, वरून भुरभुरलेली पांढरी साखर १९३२ च्या संरक्षक कायद्यानंतर वाढलेल्या कारखान्यांची. एका मुठींत इतके काळ एकत्र आले आहेत. उपासाचें पान पाहिलें तर तेंहि तसेंच. रताळीं, बटाटे, शेंगदाणे हे कार्तिकी एकादशीस निःशंक चालतात, आणि साबूदाणाहि अमेरिकेंतून आलेल्या कंदाचाच. याउलट जगन्नाथपुरीच्या महाप्रसादांत बटाटा, टोमॅटो व मिरची आजहि शिरूं दिलेलीं नाहींत. जेथें विधीचा पहारा कडक होता तेथें जुना थर तसाच राहिला; घरीं गृहिणीच्या हाताला मोकळीक होती, म्हणून तेथें थरांवर थर चढले. यांत घरचा पाक भ्रष्ट झाला असें आम्ही समजत नाहीं. जें मिळालें तें आपलेंसें करून ऋतूच्या मूळ अन्नाभोंवतीं रचणें, हाच घरच्या पाकाचा इतिहास आहे.

(६) यावरून हस्तलिखितें व कागद पाहणारांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्यात, असें आम्ही सुचवितों.

पहिली : पाककृतींत ‘मिरीं’ आहे कीं ‘मिरची’, हें अक्षर न् अक्षर लावून पाहावें. मोडी पानांत हा फरक एका फटकाऱ्याचा असतो, व कालनिर्णयांत तो शतकांचा ठरतो. ‘भावप्रकाशां’त ‘फिरंग’ रोग आला आहे, एवढ्यावरून तो ग्रंथ पोर्तुगीज आल्यानंतरचा ठरतो. मिरचीचें महत्त्व त्याच प्रतीचें आहे. मात्र पाकाचे ग्रंथ वापरांतले असतात. नक्कल करणारा आपल्या घरची रीत त्यांत घालतो. म्हणून एक नवी वस्तु आढळली तर ती प्रतीचा काळ सांगेल, मूळ ग्रंथाचा सांगेलच असें नाहीं. तसेंच मिरची नसणें हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. गोड पदार्थांत ती कधींच नसते.

दुसरी : मापें पाहावींत. दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हीं मापें प्रांतोप्रांतीं लहानमोठीं असत. तेव्हां माप जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें. १९५६ च्या कायद्यानें मेट्रिक पद्धति आली. म्हणून एखाद्या पानावर शेर खोडून ग्रॅम लिहिले असतील तर तीहि नोंद घ्यावी.

तिसरी : स्निग्ध द्रव्य व गोड द्रव्य यांचीं नांवें सोडूं नयेत. तूप, तिळाचें तेल, खोबरेल, गूळ, खडीसाखर, चिनी साखर हे शब्द व्यापाराचा इतिहास सांगतात. ‘डालडा’ हा शब्द आला कीं तें पान १९३७ च्या अलीकडचें समजावें.

चौथी व सर्वांत महत्त्वाची : पाककृतीस तिथि नसते, हिशेबास असते. मुदपाकखान्याच्या किंवा साध्या गृहस्थाच्या कोठीच्या हिशेबांत आश्विन वद्य पक्षांत भात कांडण्यास किती दिलें, गूळ किती, तेल किती, हें शक व मास यांसह लिहिलेलें असतें. अशा दहा वर्षांच्या यादी ओळीनें लावल्या तर त्या घरांत पोह्यांचें पान केव्हां आकसलें आणि तळणाचें केव्हां वाढलें, हें आंकड्यांनीं सांगतां येईल. कोणताहि पाकग्रंथ हें सांगणार नाहीं. सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नाच्या व्यवस्थेची याद प्रसिद्ध झाली, ती पेशव्यांच्या घरची होती म्हणून. सामान्य घरांच्या याद्या कोणी छापाव्यात?

(७) छापील साधनें या बाबतींत उशिराचीं आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचें, आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालचें. तंजावरच्या सरस्वती महालांतील मराठी ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ सरफोजी राजांच्या काळचें, पण तें राजवाड्याचें. त्यापूर्वींचें घरचें ज्ञान सासूकडून सुनेकडे तोंडींच गेलें. त्याचा लेखी मागोवा उरला असेल तर तो त्या कारकुनी यादींतच. कै. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ काढून घरोघरच्या दफ्तरांस किंमत आणून दिली. परंतु ती किंमत अजून राजकारणाच्या पत्रांसच आहे.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, रुमाल सोडतांना ‘किरकोळ’ हा शेरा मारण्यापूर्वीं पानाची तिथि, स्थळ व वस्तूंचीं नांवें एका ओळींत टिपून ठेवावींत, आणि पान मूळ रुमालापासून वेगळें करूं नये. रुमाल सुटला कीं घर सुटतें, व घर सुटलें कीं यादीचा अर्थ जातो. जुनीं घरें मोडत आहेत, माळे रिकामे होत आहेत. सनद असली तर कोणीतरी विचारतो; पोह्यांसाठीं दिलेल्या दोन पायली भाताची नोंद कोणी विचारीत नाहीं. ती एकदां गेली म्हणजे आपल्या पूर्वजांनीं दिवाळीच्या पहांटे काय खाल्लें, हें सांगावयास केवळ आठवण उरेल, आणि आठवण आजचें ताट कालचें म्हणून सांगते.