अमानीशाहच्या नाल्यावरून

दुर्गापुरा स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही मानसरोवरच्या दिशेने चालू लागता. महाराणी फार्मची पुलिया आली की थांबता. खाली वाहते ती द्रव्यवती. जुने जयपूरकर तिला अजून अमानीशाहचा नालाच म्हणतात. कठड्यावर हात टेकून तुम्ही डोळे मिटता.

उघडता तेव्हा १८७० चे दशक चालू आहे. पुलिया नाही, कठडा नाही. वाळूच्या रुंद पात्रात पाण्याची बारीक धार. तुम्ही ओंजळीने पाणी पिता आणि कुणी अडवत नाही, कारण संस्थानचे इंजिनियर स्विंटन जेकब याच प्रवाहाचे पाणी उपसून शहराला नळाने देण्याच्या खटपटीत आहेत. काठाकाठाने तुम्ही दक्षिणेला सांगानेरपर्यंत जाता. कापड छापणारे छिपे गुडघाभर पाण्यात उभे आहेत. ओले कापड दगडावर आपटते, थाप् थाप्, आणि मंजिष्ठेचा लालसर रंग धारेत उतरून दहा-वीस पावलांवर विरून जातो. नदीत तेव्हाही माणसांचे सांडपाणी होतेच, पण तेवढे ती पचवत असे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

डोळ्यांची उघडझाप. जुलै १९८१. पाऊस असा कोसळतोय की शहर हादरले आहे. गढूळ लोंढा काठ खात सुटला आहे. इथे थांबू नका.

आता मार्च २०२५. नदीचे ४७ किलोमीटरचे पात्र बांधून काढले आहे आणि सांडपाणी शुद्ध करण्याची केंद्रेही उभी आहेत. ३ ते ५ तारखेला इथून जवळच, राजस्थान इंटरनॅशनल सेंटरमध्ये, आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची माणसे कचऱ्यावर बोलायला जमली आहेत. कमी वापरा, पुन्हा वापरा, पुनर्चक्रण करा, हा त्यांचा विषय. तुम्ही मागच्या खुर्चीत बसता. अठरा शहरांसाठी १,८०० कोटी रुपयांचा करार होतो. शहरांनी एकमेकांकडून शिकावे म्हणून आघाडी जाहीर होते. शेवटी 'जयपूर जाहीरनामा' येतो, पुढच्या दहा वर्षांचा. तो कुणावरही बंधनकारक नाही. तरी मी त्याला कागद म्हणून झटकणार नाही. शेजाऱ्याने शेजाऱ्याशी बोलणे इथूनच सुरू होते. मात्र जाहीरनाम्याचा कस लागेल तो या पुलियाखाली.

तुम्ही परत कठड्याशी येता. शेजारी कुणीतरी वेफर्सची रिकामी पुडी खाली टाकते. तुम्ही तिच्यामागे निघता. पुढच्या पावसाळ्यात ती ढूंढ नदीत जाते, तिथून मोरेलमध्ये. मोरेलच्या धरणात अडकली नाही, तर बनासमध्ये. मग चंबळ, यमुना, गंगा. वर्षे लागतात, तुम्ही सोबत असता. फरक्क्याच्या बंधाऱ्याशी पाणी वाटले जाते. थोडे हुगळीकडे वळते, उरलेले बांगलादेशात शिरते आणि पद्मा होते. सीमेवर पाण्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही.

पद्मेच्या काठी एक कोळी जाळे ओढतो. चार मासे आणि एक पुडी. तो ती चिमटीत धरून उलटसुलट बघतो. छपाई पुसून गेली आहे, कुठली ते कळायला मार्ग नाही. तुम्ही त्याच्यापासून दोन हातांवर उभे आहात. तुम्हाला माहीत आहे.