काचीगुड्याचे शेजारी : आठवणींतून उलगडणारा इतिहास

हैदराबादच्या मुसी नदीच्या दक्षिणेला चारमिनारचे जुने शहर आहे. उत्तरेला सुलतान बाजार, बडी चावडी, गौळीगुडा, इसामिया बाजार, काचीगुडा अशा वस्त्या एकमेकींना लागून आहेत. शे-सव्वाशे वर्षे या गल्ल्यांत मराठी कुटुंबांची दाट वस्ती होती. त्यांतील अनेक घरे आज पुण्यात, छत्रपती संभाजीनगरात, नांदेडात किंवा परदेशात विखुरली आहेत. लग्नकार्यात वा शाळेच्या मेळाव्यात जुने शेजारी भेटले की चौकशी प्रकृतीची सुरू होते आणि थोड्याच वेळात गल्लीवर येते. कोणाचे घर कोठे होते, विहीर कोणत्या अंगणात होती, गणपती कोणाच्या ओसरीवर बसत असे. अशा गप्पांना बहुधा स्मरणरंजन म्हणून बाजूला ठेवले जाते. मात्र या मोहल्ल्याचा इतिहास दुसऱ्या कोणी फारसा लिहिलेला नसल्याने या गप्पा हेच त्याचे एक मुख्य साधन आहे.

ही वस्ती योगायोगाने झाली नाही. निजामाच्या राज्यात तेलुगू, मराठी आणि कानडी भाषकांचे प्रदेश एकत्र होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच राज्यात असल्यामुळे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद येथील माणसाला वरिष्ठ न्यायालय, सचिवालय आणि उच्च शिक्षण यांसाठी हैदराबादच गाठावे लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाडहून येणारा मीटरगेज रेल्वेमार्ग सुरू झाला आणि मराठवाडा राजधानीशी जोडला गेला. १९१६ मध्ये काचीगुड्याचे स्थानक उभे राहिले. गाडीतून उतरलेल्या विद्यार्थ्याने, वकिलाने वा कारकुनाने जवळच्या गल्लीत ओळखीच्या घरी बिऱ्हाड शोधावे, हे ओघाने आलेच.

दुसरे कारण राजकीय होते. जेम्स किर्कपॅट्रिक याने १८०५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ब्रिटिश रेसिडेन्सीभोवती जो बाजार वाढला, तेथे निजामाची नव्हे, इंग्रजांची हुकमत चाले. १९३३ मध्ये हा भाग निजामाकडे परत आला आणि सुलतान बाजार हे नाव रूढ झाले. तोवर या भागात सभा, वाचन आणि चळवळ यांना बाहेरच्यापेक्षा थोडी अधिक मोकळीक मिळे. जुन्या घरांतून पुढे आलेला ‘इंग्रजांची हद्द’ हा शब्दप्रयोग या कारभारी सीमेची खूण आहे. सीमा कधी पुसली गेली ते वर्ष सांगणाऱ्याला आठवत नाही. ती कोणत्या वळणावर होती हे मात्र आठवते.

राज्याची राजभाषा उर्दू. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. अशा परिस्थितीत केशवराव कोरटकर यांच्यासारख्या धुरीणांनी १९०७ मध्ये विवेक वर्धिनी पाठशाळा उभी केली. १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही या शहरात भरले. शाळा, ग्रंथालय आणि सभागृह चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे शेजाराला आकार आला. मराठी माणसे येथे केवळ एकमेकांजवळ राहत होती असे नव्हे. मुलांना स्वतःच्या भाषेत शिकवण्याचा खटाटोप ती मिळून करीत होती.

तरीही हा मोहल्ला केवळ मराठी कधीच नव्हता. तेलुगू, मुसलमान, मारवाडी, गुजराती, कायस्थ आणि कानडी घरे भिंतीला भिंत लावून होती. घरातील मराठीत अव्वल तालुकदार, मोहतमीम, मुन्सिफ असे दरबारी शब्द सहज येत. उलट हैदराबादी दखनीने मराठीतला ‘नको’ आणि जोर देणारा ‘च’ आपलासा केला. तेलुगू मुलांच्या कानांवरही मराठी पडे. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव मराठी उत्तम जाणत आणि हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. शेजारच्या भाषेविषयीचा हा आदर त्या काळच्या हैदराबादेत अपवादात्मक नव्हता.

आठवणींना इतिहासाचे रूप देताना पहिली अडचण कालगणनेची येते. जुन्या पिढीच्या कागदपत्रांवर फसली सन आणि आझूर, दै, बहमन असे महिने आढळतात. या सनाचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. त्यामुळे फसली सनात ५९० मिळवले की वर्ष सुरू होतानाचा इसवी सन मिळतो. जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. सप्टेंबर १९४८ म्हणूनच फसली १३५७ मध्ये येतो. नाण्यांचेही तसेच होते. निजामाचा ‘हाली सिक्का’ आणि ब्रिटिशांचा ‘कलदार’ यांची किंमत सारखी नव्हती. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. आजोबांच्या पगाराचा वा घरभाड्याचा आकडा ऐकताना तो कोणत्या रुपयांत आहे हे विचारले नाही, तर हिशेब चुकतो.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. मराठी घरांतील आठवणींत त्याआधीचे महिने रझाकारांच्या दहशतीचे आहेत. दारे लवकर लावली जात, मुलीबाळींना नातेवाइकांकडे पाठवले जाई. सतरा तारीख ही त्यांच्या लेखी सुटकेची. पलीकडच्या मुसलमान घरातील आठवण त्याच तारखेपासून भीतीची सुरू होते. कारवाईनंतर मराठवाड्यासह अनेक भागांत मुसलमानांवर झालेल्या हिंसेची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली; तिचा अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नव्हता. दोन्ही घरे एकाच गल्लीतली, दोन्ही आठवणी खऱ्या. त्यांपैकी एकच टिपून ठेवली, तर लिहिला जातो तो एका घराचा इतिहास, गल्लीचा नव्हे.

या मोहल्ल्याला सर्वांत मोठा धक्का मात्र दंगलीने दिला नाही. तो दिला नकाशाने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेनुसार हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. सरकारी सेवकांची वाटणी झाली आणि मराठी अधिकारी, शिक्षक व कारकून यांची अनेक बिऱ्हाडे उठली. १९४३ मध्ये स्थापन झालेली निजाम राज्यातील मराठी साहित्यिकांची परिषद पुढे मराठवाडा साहित्य परिषद म्हणून औरंगाबादेत स्थिरावली. १९५८ मध्ये तेथे विद्यापीठ निघाल्यावर विद्यार्थ्यांनाही हैदराबादला येण्याचे कारण उरले नाही. स्वभाषेच्या राज्याचे स्वप्न पुरे झाले, आणि त्याच दिवशी काचीगुड्याचा मराठी माणूस स्वतःच्या घरात बसल्या बसल्या परप्रांतीय झाला. जे राहिले त्यांनी शाळा आणि ग्रंथालय चालू ठेवले, ‘पंचधारा’ हे नियतकालिक चालवले. त्यांच्या या चिकाटीची नोंद गेलेल्यांच्या आठवणींत क्वचितच येते. म्हणून गेलेल्यांना विचारताना राहिलेल्यांनाही विचारले पाहिजे.

आठवणींचा एक गुण अशा तपासणीत ठळकपणे दिसतो. त्या तारखांत चुकतात, पण जागांत सहसा चुकत नाहीत. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशेहून अधिक माणसे वाचली. ही हकीकत टिकली, कारण ते झाड आजही उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात उभे आहे. जागा डोळ्यांसमोर असली की आठवणीला आधार मिळतो. सुलतान बाजार आणि परिसरात हा आधार झपाट्याने नाहीसा होत आहे. वाड्यांच्या जागी संकुले आली. व्यापाऱ्यांच्या दीर्घ विरोधानंतर सुलतान बाजारातून मेट्रोचा मार्ग गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्यावर गाडी धावू लागली.

१९५६ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज ऐंशीच्या घरात आहे. त्यामुळे हे काम पुढच्या पिढीवर टाकण्याजोगे नाही, आणि त्यासाठी मोठे संशोधकही लागत नाहीत. दोन-तीन जुन्या शेजाऱ्यांना एकत्र बसवून गल्लीचा नकाशा काढून घ्यावा. एकट्याने सांगितलेल्या गोष्टीतली चूक दुसरा तिथल्या तिथे दुरुस्त करतो. घराची भाडेपावती, लग्नपत्रिका, ग्रंथालयाचे वर्गणीचे कार्ड जपावे. मराठी शाळांची प्रवेशनोंदपुस्तके तर या कामी अमोल आहेत. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, पत्ता आणि शाळा सोडल्याचे कारण अशा रकान्यांत एका वस्तीचे येणे आणि जाणे वर्षागणिक उतरलेले असते. त्या पुस्तकांतील पत्ते आणि शेजाऱ्यांचे नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तर कोणती घरे कधी उठली आणि कोणती टिकून राहिली, हे आजही सांगता येईल.