वाघाच्या पंगतीतील समुद्रकाकडी

यवतमाळच्या श्रोत्यांपुढे समुद्रकाकडीचा इतिहास सांगावयाचा, हे ऐकून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. आपल्या जिल्ह्याला वर्धा आहे, पैनगंगा आहे, समुद्र नाही. पण टिपेश्वरच्या वाघाला ज्या कायद्याने अभय दिले, त्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली हा प्राणीही जाऊन बसला. वाघाच्या पंगतीला आलेला हा पाहुणा कोण, एवढे तरी आपण विचारावयास हवे.

समुद्रकाकडी ही वनस्पती नव्हे. उथळ समुद्राच्या तळाशी वाळू गिळीत, तीतले कुजके अन्न शोषून घेत आणि स्वच्छ वाळू मागे टाकीत सरपटणारा हा वीतभर लांबीचा मऊ प्राणी. शत्रूने गाठले तर याच्या काही जाती आपली आतडीच बाहेर टाकतात आणि पुढे नवी वाढवितात! तमिळ कोळी त्याला 'कडल अट्टै', म्हणजे समुद्रजळू म्हणतात. चिनी लोकांनी त्याला समुद्रातला जिनसेंग म्हटले. चीनच्या त्या मागणीपायी मकासारचे दर्यावर्दी आपली गलबते थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यापर्यंत नेत असत.

आपल्या देशात हा व्यापार मुख्यतः मन्नारचे आखात आणि पाल्कचा उपसागर येथला. हा दुसरा किनारा मराठी माणसाला अगदीच परका नाही. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास याच उपसागराच्या काठी एक आठमजली वास्तू उभारली, आणि तीही नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाच्या स्मरणार्थ. (राज्यकारभार १७९९ सालीच कंपनीकडे गेला होता, तेव्हा याहून निराळे काय उभारणार?) तमिळ लोक तिला आजही आपल्याच शब्दाने 'मनोरा' म्हणतात.

या किनाऱ्यावरचे पाणबुडे समुद्रकाकडी वर काढीत. ती चिरून साफ करावयाची, उकळावयाची, वाळूत पुरून ठेवावयाची, मग वरचा चुनखडीचा थर घासून काढावयाचा, पुन्हा उकळावयाची आणि उन्हात कडकडीत वाळवावयाची, असा खटाटोप असे. तेथल्या कोळ्याच्या ताटात ती कधी पडली नाही. सारा माल परदेशी जाई. भाव चढला तशी लहान पिलेही निघू लागली. १९८२ साली केंद्र सरकारने ७५ मिलिमीटरहून आखूड मालाच्या निर्यातीस बंदी घातली.

यानंतरची हकीकत आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. १९८८ साली तुतिकोरीन येथे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे डॉ. डी. बी. जेम्स यांनी हौदात समुद्रकाकडीची पिले जन्मास घातली. पाणी काही अंशांनी तापविले की नर बीज सोडतो आणि मादी लाखांनी अंडी टाकते. अंड्यांतून निघालेले जीव सूक्ष्म शेवाळावर वाढत काही दिवस पाण्यात तरंगतात आणि मग तळाला बसतात. पुढे त्यांना समुद्रात कुंपण घालून सोडले, तर तळाच्या गाळावर ती आपली आपण पोसली जातात. गरिबाला परवडेल अशी शेती याहून कोणती?

पण तेरा वर्षांतही या विद्येची कोळ्यांच्या हाती शेती झाली नाही, आणि २००१ साली सरसकट बंदी आली. समुद्रातून ओरबाडलेला प्राणी आणि हौदात जन्मलेला प्राणी असा भेद तिने ठेवला नाही. बंदी मुळातच चुकली असे आम्ही म्हणणार नाही. हा प्राणी सावकाश वाढतो, पळून जात नाही, आणि एकदा तळ मोकळा झाला की तो लवकर भरत नाही. आमची तक्रार निराळी आहे. नफा दूरच्या व्यापाऱ्याने घेतला आणि बंदीची झळ मात्र पाणबुड्याला बसली. काल परवान्याने विकलेला माल आज विकला की तो गुन्हेगार. नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव तालुक्यात वाघीण मारली गेली, तेव्हा देशभर हळहळ झाली. तिच्या भीतीने शेतात जाणे बंद झालेल्या माणसांविषयी किती जण बोलले, हे आपण जाणताच.

पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे, श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावर, ही शेती सरकारी परवान्याने चालते. तेथेही २०२२ साली कोळ्यांनी तिच्याविरुद्ध निदर्शने केली. जाळ्यांच्या कुंपणांनी त्यांच्या मासेमारीच्या जागा अडविल्या होत्या.