कोकण किनाऱ्यावरील वाटशोध: तांडेलाच्या खुणांपासून वैमानिकाच्या टॅबलेटपर्यंत

वाहन पाण्यावरचे असो वा हवेतले, ते चालविणाऱ्यास आपण या क्षणी कोठे आहोत आणि पुढची वाट कशी आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे सतत हाताशी ठेवावी लागतात. विमानाच्या कॉकपिटमध्ये, म्हणजे चालककक्षात, आज ही उत्तरे मोठ्या प्रमाणावर टॅबलेटच्या पडद्यावरून मिळतात. या बदलाचा इतिहास रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून पाहिला, तर दर्यावर्दी आणि वैमानिक यांची साधने दीर्घकाळ वेगवेगळी वाढत जाऊन अखेरीस एकाच उपग्रहव्यवस्थेपाशी येऊन मिळाली, असे दिसते.

या किनाऱ्यावरचा सर्वांत जुना नकाशा कागदावर नव्हता. तो तांडेलाच्या, म्हणजे मच्छीमार नौकेच्या प्रमुखाच्या, स्मरणात होता. किल्ल्याचा बुरूज आणि त्यामागचा डोंगराचा सुळका अशा दोन ठळक खुणा एका रेषेत आल्या की नौका कोणत्या रेषेवर आहे हे कळे, आणि दुसऱ्या दिशेच्या दोन खुणा जुळल्या की त्या रेषेवरील नेमके ठिकाण निश्चित होई. पाण्याची खोली वावांत मोजली जाई, तळाशी रेती आहे की चिखल यावरूनही जागा ओळखली जाई, आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा निघण्याची वेळ ठरवी. 1867 मध्ये रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या परिसरात दीपगृह उभे राहिल्यावर रात्रीसाठीही एक खात्रीची खूण मिळाली. तरीही ती जुन्या ज्ञानाच्या जागी न येता त्याच्या जोडीला आली.

हवाई वाहतुकीचा आरंभही खुणांवरच झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ या एक इंजिनाच्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू गाठले, तेव्हा विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर मार्गदर्शनाची सोयही नव्हती. 1935 मध्ये टाटांची सेवा मुंबईहून गोवा व कण्णूरमार्गे तिरुवनंतपुरमपर्यंत वाढली. मुंबई आणि गोवा यांच्या मधोमध कोकणपट्टी पसरलेली आहे, आणि या पट्टीत दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री, भाट्ये येथे काजळी आणि पूर्णगडला मुचकुंदी अशा नद्या एकामागून एक समुद्राला मिळतात. नजरेने वाट काढणाऱ्या वैमानिकास असा खाड्यांचा क्रम म्हणजे जमिनीवर उमटलेला नकाशाच असतो; मात्र पावसाळ्यात ढग सह्याद्रीला टेकले की तो दिसेनासा होतो, आणि म्हणूनच पुढे रेडिओ संकेतांवर आधारलेल्या मार्गदर्शनाची व छापील तक्त्यांची गरज वाढली.

अशा तक्त्यांचा पाया अमेरिकेत टपाल वाहणाऱ्या एलरे जेपेसन या वैमानिकाने घातला. धावपट्ट्यांची लांबी, आसपासच्या अडथळ्यांची उंची आणि उतरण्याची दिशा यांची टिपणे तो एका साध्या वहीत करीत असे, आणि 1934 पासून त्याने ती विक्रीस काढली. तेथपासून पुढील कित्येक दशके मार्गांचे नकाशे, उतरण्याचे तक्ते आणि विमानाच्या क्षमतेची कोष्टके भरलेली जड बॅग वैमानिकाची सोबतीण झाली. हवाई माहितीतील बदल जगभर 28 दिवसांच्या ठरलेल्या चक्रानुसार अमलात येत असल्यामुळे दर खेपेस जुने पान काढायचे, नवे पान नेमक्या जागी बसवायचे आणि त्याची नोंद करायची, हे काम चुकवून चालत नसे. कारण जुन्या पानावरचा रेडिओचा एक आकडा किंवा खाली उतरण्याची किमान उंची बदललेली असली, तर पान हाताशी असूनही ते घातक ठरे.

2010 मध्ये आयपॅड बाजारात आला आणि डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत तो वापरण्याची परवानगी मिळाली. त्यामुळे सुमारे 16 किलोची बॅग एका पातळ पाटीत मावली. अशा साधनास ‘इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग’ म्हणतात. त्यातील ॲप तक्ते अद्ययावत ठेवते, तसेच विमानाचे वजन, तापमान आणि वारा यांवरून उड्डाणाचा वेग काढून देते. मात्र उन्हात तापलेली पाटी बंद पडू शकते, बॅटरी संपू शकते आणि चुकीचा आकडा भरला तर उत्तरही चुकीचेच येते. म्हणूनच, साधन बिघडले तरी आवश्यक माहिती वैमानिकास तत्काळ मिळाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे, आणि व्यवहारात तो बहुधा दोन वैमानिकांकडे दोन स्वतंत्र टॅबलेट ठेवून पाळला जातो.

स्थान दाखविणाऱ्या जीपीएस या उपग्रहव्यवस्थेच्या संकेतांतही वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे चुका शिरतात आणि विषुववृत्ताजवळ त्यांचे प्रमाण अधिक असते. या चुका दुरुस्त करण्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही व्यवस्था उभारली, जी जमिनीवरील केंद्रांनी काढलेली दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना पुरविते. ऑक्टोबर 2019 मध्ये याच उपग्रहांच्या आधारे मच्छीमारांसाठी ‘जेमिनी’ हे उपकरण आले. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्राकडून येणारे वादळाचे इशारे, लाटांचा अंदाज आणि मासळी सापडण्याची संभाव्य क्षेत्रे ही छोटी पेटी मोबाइलमधील ॲपला देते, तीही किनाऱ्यावरील मनोऱ्यांचा संकेत पोहोचत नाही अशा खोल समुद्रात. हा संदेश एकमार्गी आहे. नौकेवरून उत्तर पाठविता येत नाही. तरीही वैमानिकासाठी उभारलेली सोय अशा रीतीने तांडेलाच्या दाराशी आली, ही या इतिहासातील महत्त्वाची घटना होय.

या सर्व कालखंडांत एक नियम कायम राहिला आहे: वाट दाखविणारे साधन एकटे पुरेसे नसते आणि निर्णयाची जबाबदारी ते वापरणाऱ्याचीच असते. विमानक्षेत्राने हा नियम लिखित केला. किनाऱ्यावर मात्र तो अनुभवी तांडेलांच्या तोंडी परंपरेत राहिला, आणि पडदा हाती आलेल्या नव्या पिढीत ती परंपरा क्षीण होण्याचा धोका आहे. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे 1981 पासून मत्स्य महाविद्यालय कार्यरत आहे. किनाऱ्यावरच्या खुणा, पाण्याची खोली आणि वारे यांचे हे ज्ञान जाणत्या तांडेलांकडून नोंदवून घेऊन ते उपग्रहसाधनांच्या प्रशिक्षणाच्या जोडीने शिकविण्याचे काम अशा संस्थांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी आता हाती घेतले पाहिजे.