काचेच्या भांड्यातील समुद्र

पोवळे कोणास ठाऊक नाही? मंगळाचे रत्न म्हणून ते अंगठीत बसवितात, सोन्याच्या मण्यांबरोबर ते माळेत ओवतात, आणि नवरत्नांची नावे घेताना प्रवाळाचे नाव मुलांच्याही तोंडी असते. परंतु हिरा किंवा माणिक यांच्याप्रमाणे पोवळे हे खाणीतील खडा नव्हे. एका सजीव प्राणिसमूहाने आपल्या देहात घडविलेला तो सांगाडा आहे, ही गोष्ट माळ गळ्यात घालताना आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

अलीकडे अनेक देशांत एक हौस पुष्कळ पसरली आहे. वीस-पंचवीस लिटर पाणी मावेल एवढीच काचेची पेटी घ्यावयाची, तीत खारे पाणी भरावयाचे, आणि त्या पाण्यात जिवंत प्रवाळ, एखाद-दुसरा चिमुकला मासा, दोन-चार शंखातल्या गोगलगाई असा समुद्राचा एक कोपरा नांदता ठेवावयाचा. हौशी लोक या पेटीस ‘नॅनो रीफ’ म्हणतात. ही केवळ पैसेवाल्यांची करमणूक असावी, असे आम्हांस प्रथम वाटले होते. परंतु तिचा पूर्वेतिहास पाहू लागलो तेव्हा आमचे मत पालटले. पोवळे जिवंत असते हे मनुष्यास कळले तेच मुळी अशा एका लहानशा भांड्यामुळे. ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ गोव्यापासूनच केला तरी चालेल. दागिन्यांचे तांबडे पोवळे आपल्या किनाऱ्यावर सापडत नाही. ते भूमध्य समुद्रातले. अठराव्या शतकात इटलीतील लिव्होर्नो बंदरातून हे पोवळे लिस्बनमार्गे गोव्यास येत असे आणि त्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानचे हिरे तिकडे जात असत. लिव्होर्नो येथील एर्गास व सिल्व्हेरा या ज्यू पेढीचे गोव्यातील व्यवहार ज्या सारस्वत व्यापाऱ्यांमार्फत चालत, त्यांत कामत कुळातील मंडळी होती. फ्रान्चेस्का त्रिवेलातो या विदुषीने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यापाराचा साद्यंत वृत्तांत दिला आहे. एकमेकांचा धर्म वेगळा, भाषा वेगळी, गाठ कधी पडलेली नाही. तरी पत्रांच्या आणि पतीच्या बळावर हा व्यापार वर्षानुवर्षे चालला. त्या पेट्यांतून जे पोवळे येई ते अर्थातच मेलेले, घासून पुसून चकचकीत केलेले असे. ते काय आहे, वनस्पती की पाषाण, याविषयी युरोपातील पंडितांचेही तेव्हा एकमत नव्हते.

याच काळात भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर दोन माणसांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. कोळ्यांनी पाण्यातून काढलेले ताजे पोवळे हवेत न ठेवता त्यांनी समुद्राच्या पाण्याने भरलेल्या भांड्यात ठेवले. मार्सिली या इटालियन सरदाराने १७०६ साली असे केले, तेव्हा त्या तांबड्या फांद्यांवर पांढरी, आठ पाकळ्यांची फुले उमललेली त्याला दिसली. पोवळे ही वनस्पती आहे हे सिद्ध झाले, असे समजून त्याने ते जाहीर केले. पुढे सुमारे वीस वर्षांनी मार्सेय येथील पेसोनेल या वैद्याने तोच प्रयोग अधिक धीराने केला. ती ‘फुले’ स्पर्श होताच आक्रसतात, हे पाहून त्याने निष्कर्ष काढला की ही फुले नव्हेत, हे प्राणी आहेत. त्याचे म्हणणे १७२७ साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे आले. पण ते इतके विपरीत वाटले की रेऑम्यूर या थोर शास्त्रज्ञाने ते मांडताना कर्त्याचे नावसुद्धा सांगितले नाही. १७५० नंतर लंडनच्या रॉयल सोसायटीने पेसोनेलच्या लेखाची दखल घेतली, तेव्हा कोठे त्या बिचाऱ्याला न्याय मिळाला. गोव्याच्या वखारींत जे पोवळे तोळ्या-माशांवर मोजले जात होते, ते सजीव आहे हे अशा रीतीने एका भांडेभर पाण्याने सिद्ध केले.

तथापि तासभर जिवंत ठेवणे वेगळे आणि वर्षभर नांदविणे वेगळे. या दुसऱ्या कामाचा मान दोन स्त्रियांकडे जातो. झान व्हिलेप्र-पॉवर ही मूळची फ्रान्समधील शिवणकाम करणारी मुलगी. लग्नानंतर ती सिसिली बेटावरील मेसिना येथे राहावयास गेली. अर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसाच्या जातीतला प्राणी आपले पातळ शिंपले स्वतः घडवितो की दुसऱ्याचे बळकावतो, हा वाद तेव्हा चालू होता. १८३२ पासून तिने काचेच्या पेट्या करवून त्यांत हे प्राणी ठेवले. शिंपल्याचा तुकडा मोडला असता प्राणी तो स्वतःच सांधतो, हे तिने डोळ्यांनी पाहिले आणि वाद मिटविला.

दुसरी ॲना थिन. १८४६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की येथे तिला वाटीच्या आकाराची लहान प्रवाळे आढळली. सुई-दोऱ्याने ती एका मोठ्या स्पंजास टाचून, दगडी बरणीत घालून तिने लंडनला आणली. लंडनमध्ये समुद्र नाही. पाणी शिळे झाले की जीव गुदमरणार. म्हणून घरची मोलकरीण रोज उघड्या खिडकीजवळ उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतीत असे. हवा पाण्यात मिसळावी एवढाच त्याचा उद्देश. पुढल्या वर्षी थिनबाईने पाण्यात समुद्रातील शेवाळ ठेवले आणि मग हे श्रम पुष्कळ कमी झाले. तिची ती प्रवाळे सुमारे तीन वर्षे टिकली. त्या मोलकरणीचे नाव आम्हांस कोठे आढळले नाही. देवळातील नंदादीप शतकानुशतके तेवत राहतो. दीप कोणी अर्पण केला हे दगडावर कोरलेले असते, पण रोज पहाटे उठून त्यात तेल घालणाराचे नाव कोठे नसते. तसाच हा प्रकार होय.

शेवाळाने श्रम का वाचले, याचे उत्तर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दिले. सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई एका पेटीत ठेवून १८५० साली त्याने दाखविले की मासा जो वायू टाकतो तो वनस्पती घेते, वनस्पती जो सोडते तो माशाच्या उपयोगी पडतो, आणि सडकी पाने गोगलगाय खाऊन टाकते. तिघेही एकमेकांच्या आधाराने जगतात. त्यानंतर लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. काचेवरील कर १८४५ सालीच उठला होता, आगगाडीने समुद्रकिनारा जवळ आला होता. पाहता पाहता घराघरांतून खाऱ्या पाण्याच्या पेट्या दिसू लागल्या.

आणि येथेच या इतिहासातील दुःखाची गोष्ट येते. लोक टोपल्या व बरण्या घेऊन किनाऱ्यावर लोटले. खडकांतील ज्या डबक्यांचे वर्णन गॉसने मोठ्या भक्तीने केले होते, ती डबकी माणसांनी खरवडून रिकामी केली. घरी नेलेले बहुतेक जीव थोड्याच दिवसांत मेले. दशकभरात हौसही ओसरली. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात हे नमूद केले आहे की, या नाशास आपलीच पुस्तके कारण झाली याचे आपल्या वडिलांना फार वाईट वाटे. ज्याने लोकांना समुद्रावर प्रेम करावयास शिकविले, त्याच्याच हातून समुद्राची लूट घडावी, याहून मोठा दैवदुर्विलास तो कोणता?

इंग्लंडच्या थंड पाण्यातील ती प्रवाळे आणि उष्ण समुद्रात खडकांच्या रांगा बांधणारी प्रवाळे यांत मोठा फरक आहे. उष्ण समुद्रातील प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल वस्तीला असते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते, आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. म्हणून त्यांना भरपूर प्रकाश, निर्मळ पाणी आणि स्थिर ऊब लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती पेटीत जगविणे जवळजवळ अशक्य मानले जाई. मासे पाळणारे लोक पाणी व वाळू निर्जंतुक करीत आणि शोभेसाठी प्रवाळाचे पांढरे सांगाडे मांडून ठेवीत. म्हणजे पुन्हा मेलेले पोवळेच!

हा समज जकार्ता येथील ली चिन एंग यांनी मोडला. त्यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली रीत प्रसिद्ध केली. समुद्राचे स्वच्छ पाणी, असंख्य सूक्ष्म जीवांनी भरलेले ‘जिवंत दगड’, चांगला प्रकाश आणि हवेचे मंद बुडबुडे, एवढीच त्यांची सामग्री. निर्जंतुक करण्याऐवजी त्यांनी जंतूंनाच कामास लावले. पुढे जर्मनीतील बर्लिनच्या हौशी मंडळींनी या रीतीस फेस काढणाऱ्या नळीची जोड दिली. गुऱ्हाळात उकळत्या रसावरची मळी जशी काढतात, तशीच ही नळी पाण्यातील घाण बुडबुड्यांना चिकटवून फेसाबरोबर वर काढून टाकते. प्रवाळास सांगाडा बांधण्यासाठी चुना लागतो. त्याकरिता पीटर विल्केन्स यांनी पेटीत चुन्याची निवळी घालण्याचा प्रघात पाडला. आपल्याकडे पानाच्या डब्यात असणारा चुना असा परदेशी प्रवाळांच्या उपयोगी पडला. डिट्रिच श्ट्युबर या बर्लिनच्या गृहस्थाने तर आपल्या पेटीत वाढलेल्या प्रवाळाचे तुकडे मित्रांना वाटले. त्या तुकड्यांची प्रवाळे युरोपभर झाली. शेजारणीने तुळशीचे रोप द्यावे, तसाच हा व्यवहार. समुद्रातून न ओरबाडता हौस भागविता येते, हे त्यामुळे दिसून आले.

पेटी लहान म्हणजे काम सोपे, असे कोणी समजू नये. प्रकार उलट आहे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. चारशे लिटरच्या पेटीतून एक लिटर पाणी उडाले तर हे प्रमाण ३५ चे जेमतेम ३५.१ होईल, वीस लिटरच्या पेटीतून तेवढेच उडाले तर ते ३६.८ वर जाईल. म्हणून रोज उडाले तेवढे गोडे पाणी घालावे लागते, आठवड्यास थोडे पाणी बदलावे लागते, आणि अन्न चिमटीने मोजून द्यावे लागते. एक गोगलगाय मरून पडली आणि कोणाच्या ध्यानात आले नाही, तर सारी पेटी नासू शकते.

नव्या पेटीत प्राणी घालण्याची घाई तर मुळीच चालत नाही. समुद्रमंथनात अमृताच्या आधी हलाहल निघाले, तद्वत् येथेही प्रथम विषच निघते. कुजणाऱ्या पदार्थांपासून अमोनिया होतो. एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य असते. हे जीवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखविले. विष पचविणारी ही सेना पेटीत वाढण्यास साधारण महिना-दीड महिना लागतो. तोवर पाण्याकडे नुसते पाहत बसणे हीच हौशी माणसाची साधना होय.

या सर्वांचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे. मालवणास सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर, गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर असलेल्या, आंग्र्यांचे नाव लागलेल्या बुडित उंचवट्यावर आजही जिवंत प्रवाळे आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने २००१ पासून खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वाघाच्या बरोबरीचे संरक्षण दिले. आपल्या समुद्रातील प्रवाळ तोडून घरी आणणे हा आता गुन्हा आहे, आणि तो असावा हेच योग्य. परंतु कायदा हात अडवू शकतो, ऊन अडवू शकत नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून एखाद-दुसरा अंश अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळाच्या अंगातील शैवाल निघून जाते आणि ते पांढरेफटक पडते. १९९८ साली लक्षद्वीपची पुष्कळ प्रवाळे अशीच मेली.

लहान पेटी बाळगणारास हे निराळे सांगावे लागत नाही. दोन अंशांनी काय होते, हे त्याने आपल्या बैठकीच्या खोलीत पाहिलेले असते. पेटी म्हणजे समुद्र नव्हे, आणि पेट्यांनी समुद्र वाचणार नाही, हे आम्ही जाणतो. पण समुद्र अफाट आहे, त्याचे काय बिघडणार, हा जो आपला जुना समज आहे, तो त्या वीस लिटरांपुढे टिकत नाही. समुद्रही देवाणघेवाणीवर चालतो. तेथेही कोणी तरी अखंड पाणी ओतीत, मळी काढीत, विष पचवीत असते. फरक एवढाच की ते आपल्याला दिसत नाही.

आमच्या वाचकांनी अशा पेट्या ठेवाव्यात, असा आमचा आग्रह नाही. मात्र घरातील पोवळ्याची माळ पुढच्या सणाला पेटीतून काढाल, तेव्हा तिचा एक मणी क्षणभर बोटांत धरून पाहा. तो कधी काळी पाण्याखाली, आठ पांढऱ्या पाकळ्या उघडून, कोठल्या तरी समुद्रात जगत होता. तेवढे आठवले, तरी पेसोनेलच्या भांडेभर पाण्याचे आणि त्या अनामिक मोलकरणीचे श्रम आपल्यापर्यंत पोहोचले, असे आम्ही समजू.