बंडी, मालगाडी आणि एसयूव्ही : घाट उतरण्याचा इतिहास

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजमुळे झाला. आपला एक श्रोता आहे, यवतमाळचाच. चहा-नाश्त्याचा धंदा आहे. त्यानं विचारलं, "दादा, सेकंडहँड एसयूव्ही घेतली. मागं नाश्त्याचा ट्रेलर लावून पुसदवरून वाशिमकडं जायचं आहे. मधी खंडाळा घाट आहे. गाडीत दम आहे, ओढून नेईल ना?"

पहिली गोष्ट, खंडाळा म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक लोणावळ्याकडं बघतात. पण आपल्या पुसदलाही खंडाळा घाट आहे बरं का! दुसरी गोष्ट, माझं उत्तर त्याला जरा लांबलचक मिळालं. कारण त्यानं विचारलं, "ओढून नेईल ना?" आणि मला वाटलं, प्रश्नच उलटा आहे. घाटात ओझं ओढणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे ते ओझं थांबवणं. आणि माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या अर्ध्यात. हे शिकायला माणसाला फार वेळ लागला, आणि त्यातला बराच धडा आपल्याच कापसाच्या वाटेवर लिहिलेला आहे.

आबांची बंडी

माझे आबा कापूस भरून बंडी यवतमाळच्या बाजारात न्यायचे. बैलगाडीला आपल्याकडं बंडीच म्हणतात. माल भरून झाला की बैल जुंपायच्या आधी आबा एक काम हटकून करायचे. पुढं जाऊन जू दोन्ही हातांनी उचलून बघायचे. जू हलकं लागलं, आपोआपच वर यायला लागलं, की ओरडायचे, "उलाळ झाली रे! माल पुढं सरकवा!"

उलाळ म्हणजे मागं जड आणि पुढं हलकी. अशी बंडी चढाला लागली की जू वर उठतं, जोत्यानं बैलाचा गळा आवळतो, आणि बैल ओढणार कसा? पण सगळाच माल पुढं टाकला तर सगळं वजन बैलाच्या मानेवर. म्हणून थोडंसं वजन जुवावर हवं, फार नको. हा हिशेब आबा हाताच्या अंदाजानं करायचे. तो हिशेब लक्षात ठेवा, आपण शेवटी परत त्याच्याकडं येणार आहोत.

आणि उतार आला की आबा बंडीतून खाली उतरायचे. बंडीच्या मागं दोरानं एक लाकडाचा ओंडका बांधायचे. ओंडका जमिनीवर घासत यायचा, तोच ब्रेक. विचारलं तर म्हणायचे, "बंडी ओढाले बैल लागते, थांबवाले अक्कल लागते."

चाक आलं आणि भानगड सुरू झाली

आता थोडं मागं जाऊ. रेल्वे यायच्या आधी वऱ्हाडातला कापूस बंजारा समाजाच्या तांड्यांनी बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल नेला, पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत. पाठीवरच्या ओझ्याची एक खुबी असते. बैल थांबला की ओझं थांबतं. ओझ्याला स्वतःची गती नसते. त्यामुळं तांडा कुठलाही डोंगर चढून उतरू शकायचा. पण एका बैलाच्या पाठीवर मावणार किती?

चाकानं ते गणित बदललं. तेवढेच बैल कितीतरी जास्त माल नेऊ लागले. पण चाकावरचं ओझं उतारावर स्वतःच धावायला बघतं, आणि पुढच्याला मागून ढकलतं. म्हणून घाटात चाकांची वाहतूक सुरू करायची तर आधी रस्ता हवा, बेताच्या चढाचा. बोरघाटातून चाकांच्या गाड्यांसाठी रस्ता खुला झाला तो १८३० साली, मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात.

मग आली रेल्वे. आपल्या भागासाठी महत्त्वाचा घाट म्हणजे थळघाट, म्हणजे आजचा कसारा घाट. तिथली रेल्वे १८६५ मध्ये सुरू झाली आणि १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी गाडी आली, आपली शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिला ओढायचं, आणि ते १९९४ पर्यंत ओढत राहिलं! यवतमाळचा कापूस शकुंतलेनं मूर्तिजापूर, तिथून मोठ्या गाडीनं भुसावळ, मनमाड, इगतपुरी, आणि मग थळघाट उतरून मुंबई.

थळघाटाचा सगळ्यात तीव्र चढ १ : ३७. म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. मोटारीला हे काहीच नाही. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक, आणि मागं शेकडो टन माल! वर चढवायला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. कसाऱ्याला आजही लावतात. ताकदीचा प्रश्न असा सुटला. थांबवण्याचा?

एक भयंकर धडा

यासाठी आपल्याला थोडं लांब जावं लागेल, आयर्लंडला. १२ जून १८८९. अर्मा नावाच्या गावाजवळ सहलीची गाडी निघाली. आत बरीचशी लहान मुलं. चढावर इंजिन दमलं. गाडीवरच्या लोकांनी ठरवलं, गाडीचे दोन तुकडे करू, पुढचे डबे आधी वर नेऊन ठेवू. मागचे दहा डबे गार्डच्या हातब्रेकवर सोडले आणि चाकांखाली दगड लावले. पुढचा भाग निघताना किंचित मागं सरकला, मागच्या डब्यांना धक्का बसला, दगड चुरडले, आणि ते डबे उतारावरून सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं गेली.

आता यातली कळ बघा. त्या गाडीला सगळ्या डब्यांना लागणारा ब्रेक होता! पण तो असा होता की जोड तुटला की ब्रेक सुटायचा. खरं तर उलटं हवं होतं, जोड तुटला की ब्रेक लागला पाहिजे. असा ब्रेक तेव्हा माहीत नव्हता असंही नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं १८७२ मध्येच तो केला होता. पण खर्च कोण करणार? अर्मानंतर त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा झाला.

आपल्या घाटांमध्ये आणखी एक शहाणपणाची सोय आहे, कॅच सायडिंग. मुख्य मार्गाला फुटलेला एक रूळ, वर चढत जाणारा. बेकाबू गाडी त्यात शिरते आणि चढावर आपोआप थांबते. पण खरी गंमत पुढं आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळात या सायडिंगकडंच लावलेला असतो. गाडीनं आधी तिथं थांबून दाखवायचं. थांबली, तर मग मुख्य मार्ग मिळणार. म्हणजे नियम असा की तुझा ब्रेक चांगला आहे हे आम्ही गृहीत धरणार नाही, तू सिद्ध कर.

मला हे फार आवडतं, राजेहो.

आता तुमची एसयूव्ही

समजा तुमची गाडी २ टनांची, ट्रेलर १ टनाचा, आणि उतार थळघाटाएवढा, म्हणजे सुमारे ३०० मीटर खाली. या उतरण्यात जी ऊर्जा निघते, तिच्यात जवळजवळ २८ लिटर पाणी उकळीला येईल. ही उष्णता कुठंतरी जाणारच. सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापतात, पकड जाते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. जुनं ऑइल लवकर उकळतं, नळीत वाफ होते, आणि पेडल मऊ पडून खाली जातं. म्हणून तयारीत पहिलं काम म्हणजे नवीन ब्रेक ऑइल आणि चांगले पॅड.

दुसरं, उष्णतेचा मोठा वाटा इंजिनाकडं द्या. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. गिअर घाटाच्या आधीच टाका, वेग वाढल्यावर नाही. न्यूट्रलमध्ये डिझेल वाचवायचा विचारसुद्धा करू नका. मधूनमधून पक्का ब्रेक मारून वेग कमी करा आणि मग पाय पूर्ण उचला. सतत पाय ठेवून घासत राहू नका.

तिसरं, आबांची उलाळ. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार जोडावर आला पाहिजे. जड सामान आसाच्या किंचित पुढं आणि खाली ठेवा. मागं जड झालं तर ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि गाडीलाही फिरवतो. हलायला लागलाच तर ॲक्सिलेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका.

चौथं, अर्माचा धडा. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवा. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला तो लागतोच. आणि जोड निसटला तर तो ब्रेक ओढणारी वायर हवी. शिवाय जोडाखाली फुलीसारख्या दोन साखळ्या लावा, म्हणजे दांडी रस्त्यात घुसणार नाही. थांबल्यावर चाकांना ठोकळे लावा, पण दगडांवर भरवसा ठेवू नका. का, ते ऐकलंच तुम्ही.

पाचवं, कागद. गाडीच्या पुस्तिकेत ओढायची मर्यादा बघा, ट्रेलरची नोंदणी बघा. चढताना तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, काटा चढला तर एसी बंद करा आणि जागा बघून थांबा.

आणि शेवटचं, कॅच सायडिंगचा नियम. घाट सुरू व्हायच्या आधी, मोकळ्या सपाट रस्त्यावर भरलेल्या ट्रेलरसकट थांबून बघा. दोनदा, तीनदा. थांबली, तरच पुढं.

हे सगळं मी त्या श्रोत्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "दादा, ट्रेलरले ब्रेकच नाही. आणि दोन दिवसांवर जत्रा आहे."

सांगणं सोपं नव्हतं. धंद्याचे दिवस ते. पण मी म्हटलं, "भाऊ, ट्रेलर घरी राहू दे. शेगडी, भांडी, टेबलं छोट्या टेम्पोत टाक. ट्रेलर ब्रेक बसवल्यावर ने."

त्यानं ऐकलं. भाड्याचा खर्च वाढला, म्हणाला, पण गल्ला भरला. आता ट्रेलरला ब्रेक बसवायचं काम चालू आहे.

तुमच्या घरी कुणी बंडी हाकली असेल, ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन घाट उतरला असेल, तर त्यांना एकदा विचारा, उतारावर ते काय करायचे? आणि मला व्हॉइस मेसेज पाठवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश उतरा, मंडळी!