येसराचं दळण

लग्नाची तारीख ठरली की मराठवाड्यातल्या घरात आधी येसराच्या दळणाची तयारी सुरू व्हायची. हिंगोलीकडच्या स्वयंपाकघराचा इतिहास सांगायचा तर सुरुवात इथूनच करावी. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, जे घरात असेल ते मंद आचेवर भाजायचं. तेही वेगवेगळं, कारण डाळ लवकर लाल होते आणि गहू वेळ घेतो. मग धने, जिरे, मिरे, लवंग, दगडफूल, सुकं खोबरं, लाल मिरची तेलावर परतायची आणि हळद घालून सगळं जात्यातून काढायचं. हेच येसर.

येसराची आमटी करायला वेळ लागत नाही. तेलात लसणाची फोडणी द्यायची, पाणी उकळायचं आणि गार पाण्यात कालवलेलं येसर त्यात सोडायचं. कोरडं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, हे घरातल्या नव्या सुनेला आधी सांगितलं जातं. भाजलेलं धान्य शिजता शिजता फुगतं आणि आमटी आपोआप दाटते. डाळ शिजवत बसायला नको, की वाटण नको. पावसावर अवलंबून असलेल्या मुलखात अख्ख्या गावाची पंगत उठवायची, तर थोड्या धान्यात मोठं पातेलं भरणारी ही रीत फार शहाणपणाची होती. आमटी भाताशी खावी, पण तिची खरी चव भाकरी कुस्करल्यावरच कळते.

येसर या शब्दाचं नातं संस्कृत ‘वेसवार’शी सांगितलं जातं. हा शब्द मसाल्याच्या अर्थाने अमरकोशातही आहे.

येसराचं दळण एकटीचं काम नव्हतं. भावकीतल्या, शेजारच्या बाया जमायच्या, जात्याला हळदकुंकू लागायचं आणि ओव्या सुरू व्हायच्या. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. पुढे गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या. बायांचे खांदे सुटले, ही मोठीच गोष्ट. मात्र ओवी गायला पहाटेची ती बैठक उरली नाही.

हिंगोलीचा हा मुलूख 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पुढे तो परभणी जिल्ह्यात राहिला आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. राज्यं बदलली, जिल्हा बदलला, तरी ताटात ज्वारीची भाकरी कायम होती. ती हलली 1972 च्या दुष्काळात. शेतात दाणा नाही, म्हणून रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो, मिळू लागली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जाई. त्या पिढीतली माणसं मिलोच्या भाकरीची आठवण आजही तोंड वाकडं करून सांगतात.

त्याच वर्षी, 18 मे 1972 ला, परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं. ‘परभणी मोती’ हा टपोऱ्या दाण्याचा रब्बी ज्वारीचा वाण तिथलाच. पण पुढच्या काळात खरिपाच्या रानात सोयाबीन पसरलं आणि ज्वारी मागे हटली. आता अनेक घरं भाकरीसाठीही ज्वारी विकत आणतात.

येसराच्या जिनसांपैकी हळद मात्र इथे भरभराटीला आली. वसमत, कळमनुरी, औंढा या भागांत हळदीखालचं रान वाढलं. हळद काढायची, शिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची, ढोलात घोळून तिला चकाकी आणायची आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात न्यायची, हा आता इथला मोठा व्यवहार झाला आहे. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

लग्नाचा स्वयंपाक आता केटररकडे गेला आहे. येसर घरात राहिलं ते अडीअडचणीच्या रात्रींसाठी. भाजी संपलेली असते, पाहुणा दारात उभा असतो. अशा वेळी फडताळातला डबा उतरतो, दोन मुठी पीठ गार पाण्यात कालवलं जातं, आणि चुलीवर असो की गॅसवर, लसूण तडतडायला लागतो.